बाजूची सीट

येसूबाई : ...आनि रंग? तो तरी द्यायचा काय? आमचा पोरगा मितेश बोलला, एकदा रंग मारला का नवी दिसंल.

हर्षद : अजिबात नको, आजी. मितेशभाऊंना मी फोनवर पण तेच सांगितलं. जुन्या गाड्यांच्या लिलावाला येणारी माणसं नवी गाडी बघायला येत नाहीत. ताजा रंग दिसला की पहिला संशय, खाली काय लपवलंय?

येसूबाई : पन हा तर पार इटलाय. टपावर बघ, उन्हानं पांढरा पडलाय.

हर्षद : पडू दे. कंपनीतून निघाला तोच रंग आहे, कुणी हात लावलेला नाही. अशा दोन डुक्कर फियाट शेजारी उभ्या केल्या, एक चकाचक रंगवलेली आणि एक ही, तर जाणकार माणूस हिच्यापाशी थांबेल. जुनी गाडी जुनी दिसली पाहिजे, पण धड पाहिजे.

येसूबाई : मग आमच्या ह्यांना बी घेऊन जा लिलावाला. दात समदे कंपनीचेच हायत.

काळूराम : येसू, मागं कोन बसलंय?

येसूबाई : पावना हाय. हर्षद नाव त्याचं. मुंबईवरनं आलाय.

काळूराम : रेवसच्या लाँचनं आला आसंल. शेठ, टेकून बसा आरामात. चौल येईल आता.

हर्षद : आजी, गाडी तर उभी आहे. इंजिन कधीचं बंद पडलंय.

येसूबाई : हळू बोल. त्यांच्यासाठी चालू हाय. रोज जेवन झालं का इथं येऊन बसतात. रेवदंड्यातनं निघायचं, चौल, नागाव, आक्षी, आलिबाग. जन्मभर ह्याच रस्त्यावर भाडं मारलं ना. मना शेजारी बसावं लागतं, न्हाय तर निघतच न्हाईत.

काळूराम : नारळाच्या वाड्या लागल्या बघ. कसं गार वाटतंय.

येसूबाई : व्हय, गार वाटतंय.

हर्षद : मघाशी मी खाली शिरून बघितलं तेव्हा खरंच वाटेना. समुद्राकाठची गाडी म्हणजे खालून चाळण झालेली असते. रंग फिका चालतो, पण गंजलेला पत्रा कापून नवा जोडला की भाव उतरला. हिचा पत्रा अख्खा आहे. काय लावत होता?

येसूबाई : माशाचं तेल, दुसरं काय. माझा दीर होडीवाला, ह्ये डायवर. पावसाआधी होडी वर ओढली का तिला तेल चोपडायचं, आनि डब्यात राहील ते हिला. दोगं भाऊ एकाच दिशी बसायचे, एक होडीखाली, एक गाडीखाली. मंग लगीनसराईत ह्याच गाडीतनं नवऱ्या जायच्या. नाकाला पदर लावून बसायच्या. लोकांना वाटायचं, रडतायत पोरी.

हर्षद : वास अजून आहे.

काळूराम : वास जातो, शेठ. पत्रा गेला का येत न्हाय.

हर्षद : बरोबर बोललात, बाबा.

काळूराम : दत्ताचा डोंगर आला. येसू, हात जोड.

येसूबाई : जोडले.

हर्षद : मला पण झाडं मागं पळाल्यासारखी वाटायला लागलीयत. आजी, मी आता सरळ सांगतो. अशीच्या अशी गेली तर भाव फार चांगला येईल. फक्त आजपासून आत कुणी बसायचं नाही. ही पुढची सलग सीट बघा, उजवीकडची शिवण उसवत चाललीय. क्लचवरचं रबर गुळगुळीत झालंय. रोज बसलं की रोज थोडं झिजतं. दारं लावून वर कापड टाका. महिनाअखेरीला मी टेम्पो घेऊन येतो.

येसूबाई : कुनीच बसायचं न्हाय?

हर्षद : तुम्ही तर उरणला निघालाय ना, मितेशभाऊंच्या फ्लॅटवर? गाडी कुठं ठेवणार तिथं?

येसूबाई : ते खरं हाय. सहाव्या माळ्यावर कशी चढवनार. खाली बी त्याचे ट्रेलर हुबे असतात. मीच हो बोलले त्याला. माझे गुडगे गेले, ह्यांना एकटीनं आंगोळ घालनं आता जमत न्हाय. जायला तर पायजेच.

हर्षद : मग अडतंय कुठं?

येसूबाई : तुना काय सांगू, पोरा. घरात भाकर मी देते, गोळी मी देते. ह्ये माझ्या तोंडाकडं बघतात आनि इचारतात, बाय, तू कुनाची? परवा काय बोलले म्हाईत हाय? येसू आली का सांगंन तिला, तू माझं लय केलंस. आनि मी समोर हुबी. काय बोलायचं मानसानं?

हर्षद : आणि इथं?

येसूबाई : इथं बसलं का येसू. ऐकलंस ना आता तू. दिवसातनं येवढंच. बाकी समदे मना आई बोलतात, काकी बोलतात, आजी बोलतात. येसू बोलनारं ह्ये एकच मानूस राहिलंय. तू गाडी नेलीस तर ते बी गेलं. म्हनून अडतंय माझं.

काळूराम : येसू, पदर आवर. दारात अडकंल.

येसूबाई : आवरला.

हर्षद : आजी, एक करता येईल. पुढची सीट आणि स्टिअरिंग काढून देतो तुम्हाला. उरणला खिडकीपाशी मांडा. बाकीची गाडी लिलावाला जाऊ दे.

येसूबाई : आनि भाव?

हर्षद : निम्म्यावर येईल. मूळ सीट नाही, मूळ स्टिअरिंग नाही, म्हणजे मोडलेली गाडी धरतात. दुसऱ्या गाडीचं आणून बसवलं तरी ओळखतात लोक.

येसूबाई : येऊ दे निम्म्यावर. मितेशला काय सांगायचं ते मी बघते. काढ.

हर्षद : लगेच नको. एकदा स्क्रू हलवला, कडेचा रंग टवकला, की पुन्हा लावून पहिल्यासारखं होत नाही. आधी एक बघू या. सीटमुळं त्यांना आठवतं की आणखी कशामुळं? पडवीत बाक आहे ना, तिथं बसवू त्यांना.

येसूबाई : पडवी मंजे घरच ना रे. घरात वळखत न्हाईत, बोलले ना तुना.

हर्षद : घरात तुम्ही कुठं बसता?

येसूबाई : मी कुठं बसते? मना बसायला सवड हाय काय? मी आपली हुबीच.

हर्षद : चला, बाबा. जरा पाय मोकळे करू. चहा घेऊन पुढं निघू.

काळूराम : चौलला बरा मिळतो चहा.

(तिघं गाडीतून उतरून पडवीत येतात. काळूराम बाकावर बसतो.)

येसूबाई : हातात काय तरी द्यायला पायजे त्यांच्या. ही परात धरा. स्टिअरिंग हाय.

काळूराम : परात हाय ही. मी काय येडा हाय, बाय?

येसूबाई : ऐक. बाय बोलले. काढ ती सीट, आन तुझे पाने.

हर्षद : थांबा, आजी. परात ठेवा बाजूला. तुम्ही त्यांच्यासमोर उभ्या आहात. गाडीत बसता तशा बसा ना, डावीकडं, खेटून. त्यांच्या तोंडाकडं बघू नका. दोघं समोर रस्त्याकडं बघा.

येसूबाई : बसले. आता काय करू?

हर्षद : काही नाही. नुसतं बसायचं.

येसूबाई : काय व्हत न्हाय, पोरा.

हर्षद : बसा अजून थोडं.

काळूराम : भरती हाय आज. पार वर आलंय पानी.

येसूबाई : व्हय. वर आलंय.

काळूराम : नागाव मागं पडलं. सुरूची झाडं लागली.

येसूबाई : लागली.

काळूराम : तुझ्या बाजूची काच खाली कर, येसू. वारं येऊ दे.

येसूबाई : केली.