उजवी बाजू झाकून

सून : बाबा, ती बॅग आधी खाली ठेवा. मी पास झाले!

सासरे : झालीस? अगं मग रडतेस काय वेड्यासारखी! दोनदा नापास झालीस तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतंस.

सून : आता वॉर्डच्या मुख्य सिस्टरच्या जागेसाठी माझंच नाव जाणार. हे सगळं तुमच्यामुळे झालं, बाबा.

सासरे : माझ्यामुळे कसलं? जन्मभर शर्ट शिवणारा माणूस मी. चार महिने इथे बसून तुला प्रश्न विचारले, संपलं. पाचची गाडी आहे. धाकटा वाट बघत असेल.

सून : भावजींना फोन केला होता मी. तुम्ही येताय हे त्यांना ठाऊकच नाही.

सासरे : ...कळवायचं राहिलं असेल.

सून : तुम्ही आलात तेव्हाचं माझं पुस्तक आठवतंय? ओळ न् ओळ पिवळ्या पेनाने रंगवलेली.

सासरे : कावीळ झाली होती त्याला.

सून : आणि डोक्यात भोपळा! तुम्ही म्हणालात, 'गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं की मी मापांची वही मिटायचो आणि मापं तोंडाने म्हणून बघायचो.'

सासरे : मग? वही नुसती बघत बसलं की वाटतं, सगळं येतंय. मिटली की कळतं कुठे अडतंय ते. तेवढंच पुन्हा बघायचं.

सून : तशीच वही केली मी. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल ते उजवीकडे लिहायचं, डावीकडे त्याचा प्रश्न. रोज संध्याकाळी तुम्ही उजवी बाजू पट्टीने झाकून विचारायचात.

सासरे : आता कबूल करतो. प्रश्न तू मराठीत लिहायचीस, पण ती उजवी बाजू सगळी इंग्रजी. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

सून : काय सांगता! मग माझं चुकलं की नेमकं तेव्हाच 'पुन्हा वाच' कसं म्हणायचात?

सासरे : येत असलं की तू दोन शब्दांत मोकळी व्हायचीस. येत नसलं की लांबण लावायचीस. शर्ट मनासारखा झाला नाही की गिऱ्हाईकही असंच बोलतं.

सून : आणि मी मैत्रिणींना सांगत होते, आमच्या बाबांना सगळी औषधं पाठ आहेत म्हणून!

सासरे : म्हणून म्हणतो, माझे उपकार मानू नकोस. तुझी सासू गेल्यापासून संध्याकाळ नुसती खायला उठायची. तू वही हातात दिलीस आणि म्हणालीस, 'बाबा, विचारा.' चार महिने मी संध्याकाळची वाट बघितली. उपकार तुझेच आहेत, पोरी.

सून : मग ही घ्या वही, शेवटचं पान काढा. डावीकडचं वाचा.

सासरे : थांब, चष्मा... 'बाबा उद्यापासून कुठे राहणार?' उजवीकडे तर काहीच नाही.

सून : उत्तर तुम्ही द्यायचंय. तुमच्या थोरल्या लेकाला विचारूनच लिहिलाय प्रश्न.

सासरे : म्हणजे बघ, असं आहे, तुमचं घर लहान, तुझ्या ड्यूट्या वेळी-अवेळी, त्यात म्हाताऱ्या माणसाची अडगळ, शिवाय धाकट्यालाही उगाच वाटायला नको की...

सून : लांबण लावलीत, बाबा.

(सासरे चष्मा काढून पुसतात. वही मिटतात.)

सासरे : इथेच.