बायनाबाईंच्या चालीवर लावलेले इंजिन

दिनांक १७/०४/२०२५, गुरुवार. जबाबास सुरुवात सकाळी ११.४० वाजता.

मी हर्षा सोमाजी नगराळे, वय २४ वर्षे, शिक्षण बी.एस्सी., धंदा खाजगी शिकवणी व वडिलांच्या गॅरेजचे काम, रा. मोहर्ली, ता. भद्रावती, जि. चंद्रपूर. समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून, स्वतःच्या मर्जीने सांगते की,

मी वरील पत्त्यावर वडील सोमाजी (वय ६१), आई गिरजाबाई व मोठा भाऊ राजदीप (वय २९) यांच्यासह राहते. वडील जीप मेकॅनिक आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांना लकवा मारला. तेव्हापासून त्यांची उजवी बाजू व बोलणे गेले आहे. ऐकू मात्र पूर्ण येते. राजदीप हा सफारीच्या जिप्सीवर चालक आहे.

आमच्याकडे १९६२ सालची पेट्रोल जीप आहे. वडिलांनी ती १९९४ साली सरकारी लिलावात घेतली. आर.सी. वडिलांच्या नावावर आहे. इंजिन मूळचे, चार सिलिंडरचे, आणि त्यावरील क्रमांक आर.सी.तील क्रमांकाशी जुळतो. वडिलांनी ते तीनदा पूर्ण खोलून बांधले, पण बदलले कधीच नाही.

१९९६ पासून दर वर्षी १४ एप्रिलला गावच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची तसबीर याच जीपवर असते. वडिलांचा एक नियम आहे आणि गावाने तो मानला आहे. ज्या गाडीवर बाबासाहेबांची तसबीर, ती गाडी पायाने हाकायची नाही. लहान दांड्याने लो गिअर लावायचा, पहिला टाकायचा, क्लच सोडायचा आणि चालकाने सीटवर मांडी घालून बसायचे. हात फक्त स्टेअरिंगवर. जीप आपली आपण चालते.

जीपच्या पुढे दोन हातांवर आमच्या वार्डातील बायनाबाई रामटेके, वय ७७ वर्षे, निळा झेंडा घेऊन चालतात. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी त्या आठ वर्षांच्या होत्या आणि आईवडिलांसोबत चंद्रपूरला दीक्षेला गेल्या होत्या. म्हणून हा मान त्यांचा आहे. मिरवणूक त्यांच्या चालीने जाते.

त्यासाठी दर वर्षी मार्चमध्ये वडील इंजिन लावतात, म्हणजे ट्यून करतात. व्हॉल्व्हचे अंतर बघायचे, प्लग साफ करायचे, पॉइंट घासायचे, आणि शेवटी कार्बोरेटरवरचा स्लोचा स्क्रू, ज्याने पाय न देता इंजिन किती हळू चालेल ते ठरते. तेव्हा बायनाबाईंना बोलावतात. त्या गॅरेजच्या शेडपासून बोअरिंगपर्यंत चालतात, मागून जीप येते, आणि वडील बाजूने चालत बॉनेटखाली हात घालून स्क्रू फिरवतात. जीप त्यांच्या पावलाला पाऊल देऊ लागली की काम झाले. बायनाबाई दर वर्षी म्हणतात, "सोमाजी, आता बराबर हाय. आता हे माह्या मांगं मांगं येते, माह्या बुढ्यासारखी पुढं पयत नाई." दर वर्षी त्या थोड्या हळू होतात, दर वर्षी स्क्रू थोडा मागे येतो.

काम संपले की वडील इंजिनवरच्या टॅपेट कव्हरच्या आतल्या बाजूला खिळ्याने तारीख कोरतात. १९९६ ते २०२३ अशा अठ्ठावीस तारखा त्यांच्या हाताच्या आहेत. २०२४ ची माझ्या हाताची आहे. त्या वर्षी ते खाटेवरून बघत होते आणि डाव्या हाताने, पुढे की मागे, एवढे दाखवत होते.

या वर्षी दि. १६ मार्च, रविवारी, मी हे काम एकटीने केले. बायनाबाई चालल्या. त्यांनी मला "बापाची पोरगी हायेस" असे म्हटले. मी कव्हरच्या आत १६-३-२५ असे कोरले. त्या दिवशी इंजिन पहिल्या चावीत चालू झाले. हे मी मुद्दाम सांगत आहे, कारण ते इंजिन बंद पडले होते असे आता सर्वांना सांगितले जात आहे.

दि. १८ मार्च रोजी राजदीपने पाहुण्यांना फोटो काढायला म्हणून जीप बाहेर नेली. त्याला चोक ओढून लावायच्या गाडीची सवय नाही. चोक ओढलेलाच राहिला, प्लग काळे झाले आणि जीप बंद पडली. पाहुण्यांनी ढकलली आणि त्याचे व्हिडिओ काढले. घरी येऊन तो म्हणाला, "मले लाज वाटते या खटाऱ्याची. बाबा उठाचे नाई आन् हे चालाची नाई." मी अर्ध्या तासात प्लग साफ करून जीप चालू करून दाखवली. तो बघायला थांबला नाही.

दि. २० मार्च रोजी राजदीप ब्रेक व रंगाचे काम सांगून जीप घुग्घुस येथील बिरजू नावाच्या गॅरेजवाल्याकडे घेऊन गेला. जीप १४ एप्रिलपर्यंत तिथेच होती. इंजिनाबद्दल घरी कोणाशीही बोलणे झाले नाही. वडिलांना विचारले नाही. मालक ते आहेत, आणि हो-नाही सांगण्याइतका त्यांचा डावा हात चालतो.

दि. १४ एप्रिल रोजी मी चंद्रपूरला सकाळच्या कार्यक्रमाला गेले होते. सायंकाळी ५ वाजता विहारासमोर पोहोचले. जीप उभी होती. नवा रंग, फुलांच्या माळा, बॉनेटवर निळे कापड, तसबीर लावलेली. गेल्या वर्षीप्रमाणे मी चालकाच्या जागी बसले आणि चावी फिरवली. आवाज डिझेलचा आला. मी भावाला विचारले, "दादा, हे काय हाय?"

तो म्हणाला, "चूप राय न हर्षा, सगळे पाहून राह्यले. पिकअपचं इंजिन टाकलं. हाफ सेल्फमध्ये सुरू होते. आता धक्का माराले लागत नाई."

मी म्हणाले, "आन् आपलं कुठी हाय?"

तो म्हणाला, "मंग सांगतो."

समोरून बायनाबाई म्हणाल्या, "चाल ना वो पोरी. मी झेंडा धरून उभी राहून थकली."

मागे दीडदोनशे लोक होते. मी लहान दांडा ओढला, तो हातात मोकळाच फिरला. इंजिनासोबत गिअरबॉक्सही बदलली होती आणि त्या दांड्याला खाली काहीच जोडलेले नव्हते. हे मला त्याच वेळी कळले. तरी मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि पाय वर घेऊन मांडी घातली. जीप उसळली. माझा पाय खाली ब्रेकवर जाईपर्यंत ती सुमारे सात फूट पुढे गेली होती. बंपर बायनाबाईंना मागून लागला व त्या सिमेंटच्या रस्त्यावर उजव्या अंगावर पडल्या. वेळ ५.२० होती. झेंडा त्यांनी खाली पडू दिला नाही.

त्यांना गावातील गाडीने चंद्रपूरला सरकारी दवाखान्यात नेले. उजवा खुबा मोडला आहे. ऑपरेशन उद्या आहे.

दुसऱ्या दिवशी एका पेपरात "जुनाट खटारा जीपने वृद्धेस चिरडले" असे छापून आले. त्या जीपमध्ये जुने होते ते सर्व काढून टाकले होते. चिरडले हेही खोटे आहे. त्याच दिवशी समाजमंदिरात बैठक झाली. तिथे चार मोठ्या माणसांनी मला समजावले की, "जुनी गाडी होती, इंजिनने धोका दिला, असं लिहून दे. कोनाचंच नाव येत नाई." मी विचारले की मग माझ्या वडिलांच्या कामाचे नाव येते त्याचे काय. एक जण म्हणाले, "सोमाजीले आता काय फरक पडते?" मी उठून आले.

वडिलांना फरक पडतो. आईने मला नंतर सांगितले की १४ तारखेला चारच्या सुमारास घरासमोरून जीप विहाराकडे गेली तेव्हा वडिलांनी खाटेच्या माचव्यावर डावा हात तीनदा जोरात आपटला. आईला वाटले तहान लागली. तिने त्यांना पाणी दिले.

दि. १५ रोजी बैठकीआधी, सकाळी १० वाजता, मी बसने घुग्घुसला बिरजूच्या गॅरेजवर गेले होते. आमचे इंजिन कुठे आहे असे विचारले. तो म्हणाला, "ताई, ते त भंगार होतं. तुमच्या भावानं सही करून देल्ली. भंगारले कोनी चोरते का?" मी मागच्या खोलीत गेले. तिथे ताडपत्रीखाली लाकडी फळीवर आमचे इंजिन ठेवलेले होते. डिझेलने धुतलेले, कार्बोरेटर व डायनामो जागेवर, चारही प्लगच्या भोकांत आत धूळ जाऊ नये म्हणून स्वच्छ कापडाचे बोळे, आणि बाजूला खडूने 'नागपूर, रविवार' असे लिहिलेले. भंगाराची एवढी काळजी घेतलेली मी कुठे बघितलेली नाही. मी त्याला म्हणाले की ही जीप चालवायला इंजिन कामाचे नव्हते, तर नागपूरच्या पार्टीला ते कशाला लागते. तो हसला आणि म्हणाला, "तुमी शिकलेल्या, तुमाले समजावनं कठीण हाय."

माझा राग नवीन इंजिनावर नाही. राजदीपची जिप्सी नवीन इंजिनाची आहे, त्यावर आमचे घर चालते. कोणाला आपल्या जुन्या गाडीत नवीन इंजिन टाकायचे असेल तर मालकाला विचारून, आर.टी.ओ.ची परवानगी घेऊन, ब्रेक व गिअर त्या जोडीचे करून टाकावे. इथे यातले एकही झाले नाही. जे इंजिन फक्त लावून घ्यायचे होते ते मेले म्हणून सांगितले, जिवंत काढून घेतले, आणि जे बसवले त्याला हळू चालणे माहीत नव्हते. लावायला अर्धा दिवस आणि ऐकणारा कान लागतो, बदलायला कान लागत नाही. शिकलेल्यांना समजावणे कठीण असेल, तर बिरजूने हे ठाण्यात येऊन समजावावे.

विचारल्यावरून सांगते की, इंजिनावरचा क्रमांक मी पाहिला तेव्हा शाबूत होता. तो आता घासलेला आढळला तरी टॅपेट कव्हरचे दोन नट खोलून पंचांसमक्ष आत बघावे. तीस तारखा मिळतील. त्या बिरजूला माहीत नाहीत आणि राजदीपलाही माहीत नाहीत, कारण कव्हर उघडताना तो कधी शेडमध्ये नव्हता. शेवटची तारीख १६-३-२५ आहे. चार दिवसांनी भंगार होणाऱ्या इंजिनात कोणी तारीख कोरत नाही. येत्या रविवारपूर्वी इंजिन जप्त करावे, एवढीच माझी विनंती आहे. रविवारनंतर ते कोणत्या जीपमध्ये गेले हे मला सापडणार नाही.

राजदीपने सही केली हे खरे आहे. तो माझा सख्खा भाऊ आहे. त्याने पैसे घेतले नाहीत, बिरजूने मजुरीत वळते केले असे तो सांगतो. जीप चालू झालेली ऐकून वडील खुश होतील असे त्याला वाटले होते, असेही तो सांगतो. तो आता ठाण्याच्या बाहेर बाकावर बसला आहे. त्याचा जबाब वेगळा घ्यावा.

पेडलवर पाय नव्हते व मांडी घातली होती हे सांगितल्यास माझ्यावरच येईल, तेवढे वगळावे का, असे मला जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारले. वगळू नये. मांडी मी घातली. आवाज वेगळा आहे हे मला कळले होते, दांडा मोकळा आहे हेही कळले होते, तरी मी उतरले नाही. वडिलांचा नियम त्या इंजिनासाठी होता, मी तो दुसऱ्याच इंजिनावर पाळला. त्याची जी कलमे असतील ती लावावी. पण त्यासोबत हेही लिहावे की अठ्ठावीस वर्षे त्या जीपवर मांडी घालून माझे वडील बसले आणि बायनाबाईंच्या टाचेला कधी बंपर लागला नाही.

काल दि. १६ रोजी मी दवाखान्यात बायनाबाईंना भेटले. मी त्यांच्या पायाशी बसून रडले, ते लिहिण्याची गरज नाही. त्यांना गाडी बदलली हे कोणी सांगितलेले नव्हते. त्यांनी मला विचारले, "पोरी, सोमाजीची गाडी मले धक्का मारूच शकत नाई. मांगं कोनाची गाडी व्हती वो?" मी त्यांना सर्व सांगितले. मग त्या म्हणाल्या, "पुढच्या साली मी काठीनं चालन. आनखी हळू लागन. बापाले सांग, स्क्रू तयार ठेव म्हनावं."

वडिलांना मी ते सांगितले आहे.

हा जबाब संगणकावर लिहून झाल्यावर साहेबांनी वाचून दाखवतो म्हटले. आमच्या घरी आजपर्यंत कागद वाचून दाखवले गेले आणि खाली अंगठे किंवा सह्या झाल्या. हा मी स्वतः दोनदा वाचला. अपघाताच्या परिच्छेदात 'जुन्या जीपमधील बिघाडामुळे' असे शब्द आले होते, ते मी सांगितलेले नव्हते, ते माझ्यासमोर काढण्यात आले. आता जे आहे ते मी सांगितल्याप्रमाणे आहे आणि खरे आहे. म्हणून सही करते.

हर्षा सोमाजी नगराळे
(सही)

समक्ष, वेळ दुपारी १.१५