बाटलीतला समुद्र

विमानतळावरच्या तपासणीचं कौतुक माझ्यासमोर कोणी करू नका. अंदमानहून निघायच्या दिवशी बायकोनं किनाऱ्यावर जाऊन पाण्याच्या बाटलीत समुद्र भरून घेतला. माझ्या सासूबाई अनसिंग गावच्या, त्यांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. त्यांनी एवढंच मागितलं होतं, "खारा राह्यते म्हन्तात, मले एकडाव चाखून पाहाचा हाय."

तपासणीत जवानानं बाटली उचलली. "क्या है?"

"पानी."

"पीके दिखाइए."

मी उसळलो. आयुष्यभर बातमीदारी केली, मंत्र्यांना जाब विचारले आणि हा माझ्या शब्दावर संशय घेतो! तो शांतपणे बाटली कचऱ्याच्या डब्याकडे नेऊ लागला.

बायको म्हणाली, "भांडन मंग करा, आंदी पेऊन दाखवा. माय वाट पाहून राह्यली."

बाटली तोंडाला लावून मी मोठा घोट घेतला. डोळे भरून आले, पण चेहरा हलू दिला नाही. बाटली सुटली.

अनसिंगला पोचल्यावर बायकोनं माझा पराक्रम रंगवून सांगितला. सासूबाईंनी तोंडाजवळ नेलेली बाटली खाली ठेवली.

"जावाईबापू, तेवढा मोठा समुद्र होता तिथं, अन् तुमी माह्यासाठी उष्टा आनला?"