काशीरामकाका गाडीतच राहिले

हॅलो?… हॅलो, कोण?… अनु! बाई, बरं झालं फोन केलास. किती वाजलेत तुझ्याकडे?… दहा पंचवीस. इथे शेजारच्या काकूंच्या घड्याळातही तेवढेच. आता नीट ऐक. भुसावळची गाडी चार तास उशिरा आली, तुझे दादा घरी पोचले आणि काशीरामकाका गाडीतच राहिले.

…हो.

…हो गं, तेच. चंद्रप्रकाशचे काका. दुसरे कुठले काशीरामकाका येणार होते आज?

…चेष्टा नाही गं. आईशप्पथ.

…अगं ऐक ना! गाडी ठाण्याला न थांबता आली आणि मुलुंडला सिग्नलला उभी राहिली. नेमकी आपल्या बिल्डिंगच्या मागे. ह्यांना खिडकीतून आपली गच्ची दिसली. गच्चीवर वाळत घातलेला स्वतःचा लेंगा दिसला. रात्रभर गाडी जिथे थांबली तिथे पाऊण पाऊण तास हललीच नव्हती. ह्यांना वाटलं, इथेही तेच. मारली उडी, आले मागच्या भिंतीवरून.

…कशाला म्हणजे? आंघोळीला! पाहुण्यांना घेऊन दादरला उतरायचं तर माणूस स्वच्छ दिसायला नको? पाच मिनिटांत अंग धुऊन, शर्ट बदलून परत जागेवर जाऊन बसणार होते.

…तोंडाला साबण लावला आणि शिट्टी झाली. मीसुद्धा ऐकली. टॉवेलवरच धावले मागच्या गॅलरीत. शेवटचा डबा दिसला म्हणतात.

…नाही ना, काका झोपलेले! कल्याणपर्यंत टक्क जागे होते. हा सिग्नल कसला, तो सिग्नल कसला, सगळं ह्यांना शिकवत होते. चौतीस वर्षं मालगाडीचे गार्ड, गप्प कसे बसतील? कल्याण गेलं आणि डोळा लागला. त्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळ्यावर काळा चष्मा. झोपलेत की जागे आहेत, तेसुद्धा घोरल्यावर कळतं म्हणे.

…अनु, रडायचं नाही. डोळे सुजतील. चार वाजता त्यांच्यापुढे पोहे घेऊन यायचंय तुला. आरेच्या बसमधून चंद्रप्रकाशबरोबर फिरताना रडत होतीस का?

…मला माहितेय गं. त्याला आईवडील नाहीत, काकांनी वाढवलं, काका हो म्हणाले तरच हो. आणि पत्रात काय लिहिलं होतं त्यांनी? ‘मुलगी सावळी असली तरी चालेल, माणसं भरवशाची हवीत.’ म्हणून तर आपण भरवशाचा माणूस पाठवला ना भुसावळला, त्यांना मानाने घेऊन यायला!

…हसू नकोस. रडूही नकोस. मधलं काहीतरी कर.

…नाना? नानांना कुठे माहितेय! ते पुढच्या गेटवर खुर्ची टाकून बसलेत, मांडीवर शाल आणि नारळ. हे मागून आले. नानांच्या लेखी मुलगा अजून प्रवासात आहे. इथे उभे आहेत, रुक्मिणीकाकूंच्या दाराआड, ओल्या केसांनी… काय?… हे म्हणतात, तू ओरडणार असशील तर नंतर ओरड.

बरं, तू कुठून बोलतेस?… गजरे झाले घेऊन?… घरी मागच्या जिन्याने येऊ का, हे विचारायला फोन केलास? अगं, लपायचं कुणापासून? पाहुणाच नाही! पण आत्ता आहेस कुठे?… दादर स्टेशन?… मेलच्या प्लॅटफॉर्मवर? स्टॉलवरचा फोन?… अनु! गाडी तुझ्यापुढेच येणार!

…नाही, अजून आलेली नसणार. रखडतच जातेय ती. स्टॉलवाल्याला विचार… काय म्हणतो?… घाटकोपर सोडलं? मग दहा मिनिटं आहेत. ऐक. डबा एस-चार, बर्थ एकोणीस, खालचा. काळा चष्मा, पांढरी टोपी. उठवायचं आणि उतरवायचं.

…माहितेय मला. पोह्यांच्या आधी मुलीने दिसायचं नसतं. पण तू अनुपमा नाहीसच ना! तू कुणीतरी जाणारी-येणारी. जानकी. जानकी बरं आहे नाव. आणि त्यांना दिसत कुठे नीट?… हो, ऐकू येतं. तेच सांगतेय. दुपारी तोच आवाज ऐकला तर वाट लागली. म्हणून फक्त ‘काका, दादर आलं, उतरा.’ चार शब्द. बाकाची जागा दाखवायची आणि लांब व्हायचं. हे टॅक्सी करून येतात तिकडे.

…चारच. तुझ्याच्याने होणार नाही, पण प्रयत्न कर.

…काकू म्हणतात, आवाज बदलून बोल. काढून दाखव बघू… नको, नको! म्हैस अडल्यासारखी वाटते. आपलाच ठेव, हळू ठेव.

…आली? इतक्यात?… थांब, फोन ठेवू नकोस! रिसीव्हर तसाच स्टॉलवर ठेव, त्याला म्हणावं हात लावू नको. चार मिनिटं थांबते गाडी. पळ!

…अहो, तुम्ही काय ऐकत बसलात? शर्टाची बटणं बघा, वरची खाली लागलीत… आता कसली टॅक्सी, थांबा जरा, बघू या काय होतंय… काकू, झाली चार मिनिटं?… दोनच?… कोण हाक मारतंय? नाना? अहो, खिडकीत जाऊ नका! काकू, तुम्ही जा. सांगा, शकू फोनवर आहे, गाडीचीच चौकशी करतेय. खोटं नाहीये ते.

हॅलो! हं, बोल, बोल… बर्थवर नाहीत?… नीट बघितलंस? संडासात?… समोरच्या बाई काय म्हणतात?… जागे झाले… हे दिसले नाहीत… मग?… ‘माझा माणूस गाडीतून पडला’ म्हणून ओरडत विक्रोळीच्या सिग्नलला खाली उतरले? गार्डकडे गेले?… अगं बाई.

…अहो, तुम्ही पडलात म्हणे गाडीतून.

…अनु, सामान कुठाय? बर्थखालीच?… मग काढ ना! गाडी सुटली की जाईल व्हीटीला… काढलंस? शाबास! काय काय आहे?… पिशवी, आणि काळी लोखंडी पेटी. नाव असेल बघ तिच्यावर… ‘का. धों. राणे, गार्ड, भुसावळ’. हां, तीच. जड आहे?… असू दे, धरून ठेव.

…सुटली? सुटू दे. पेटी आपल्याकडे आहे, म्हणजे काका कुठे जात नाहीत. व्हीटीहून उलटे येतील. तोवर हे पोचतात, सांगतील की सामान आम्हीच…

…काय?… शेवटचा डबा… दारात दोघं?… काळा चष्मा?… काका! अगं, सापडले की!… हातात काय?… हिरवा झेंडा? त्यांच्या हातात? हसू नको गं. खऱ्या गार्डने धरायला दिला असेल, मान ठेवून. हात कर त्यांना… नाही, नाही! हात नको करूस. तू कुणी नाहीस.

…कुठे बघतायत?… पेटीकडे? त्यांना कुठे दिसतं इतक्या लांबचं?… चौतीस वर्षं वागवलेली पेटी आहे, खरंय.

…काय ओरडतायत?

…‘चोर’?

…आता कुठला झेंडा?… लाल?… आणि गाडी?… थांबली? पूर्ण थांबली?

…अनु, पेटी खाली ठेव. पळू नको! पळालीस तर चोरच ठरशील. सरळ उभी राहा… उतरतायत? कोण कोण?… काका, गार्ड आणि पोलीस. बरं. घाबरू नकोस. जानकी वगैरे काही सांगू नको आता, पोलीस पत्ता विचारतील. खरं नाव… थांब, खरंही नको, चारचं काय करायचं मग… अहो, काय सांगू दे तिला? बोला ना, मघापासून दाराआड उभे आहात!… हे म्हणतात, तुला सुचेल ते सांग. बघ, असा हा भरवशाचा माणूस.

…किती लांब आहेत?… दहा पावलं?

…अनु? ऐकतेस? रिसीव्हर खाली ठेवू नको… अनु!

…

हॅलो?… हॅलो?…

गेली लाइन, काकू… किती झाले? दहा बेचाळीस.

नाही हो, पुढचं काही कळलं नाही. गाडी दादरला उभी आहे. आणि ती त्यांना म्हणाली तेवढं ऐकलं मी: ‘काका, मी अनुपमा.’