पंच्याऐंशीला खोली पुरत नाही

(आईच्या खोलीबाहेरचा अरुंद पॅसेज. दार नुसतं लोटलेलं. दुपार.)

ताई : माझ्या इस्त्रीच्या कपड्यांवर ही भिंगं मांडून काय बसलायस? दुकान लावलंयस का?

धाकटा : लेन्स म्हण गं. आणि हळू बोल, आई उठेल.

ताई : उद्या सकाळी जिचा अर्धा जबडा काढणार, ती आज झोपेल होय? तू आवर. मघापासून ही लावतोस, ती काढतोस. नवरीसुद्धा आरशापुढे एवढा वेळ लावत नाही.

धाकटा : ठरत नाहीये. ही पस्तीस मिलिमीटरची. हिच्याने काढायचं तर तिच्या अगदी उशाशी जावं लागतं. आणि जवळून काढलं की जे पुढे असेल ते मोठं दिसतं. गालावरची गाठ दुप्पट दिसेल, ताई.

ताई : आणि ही जाडी?

धाकटा : पंच्याऐंशीची. चेहरा काय सुरेख येतो हिच्यात! मागचं सगळं विरघळून जातं. औषधं, सलाइनचा दांडा, सगळं. आईला थोडं वळवलं तर गाठही सावलीत जाईल. फक्त लांब उभं राहावं लागतं.

ताई : लांब म्हणजे कुठे?

धाकटा : इथेच. पॅसेजमध्ये. पंच्याऐंशीला ती खोली पुरत नाही.

ताई : म्हणजे नेहमीसारखंच. दारातून डोकवायचं, ‘कशी आहेस’ विचारायचं, आणि पळायचं.

धाकटा : टोमणे नको मारूस. तिने स्वतः फोन केला, ‘कॅमेरा घेऊन ये’ म्हणाली. कधी काही मागते का ती? आणि आजचा फोटो बिघडला तर हा चेहरा पुन्हा नाही मिळायचा. कळतंय का तुला?

ताई : मला विचारतोस? बाबांचा बिघडवलास तेव्हा तुला कळलं होतं का?

धाकटा : त्या फोटोला बक्षीस मिळालंय!

ताई : बक्षीस देणाऱ्यांनी बाबांना कुठे पाहिलं होतं? डावा डोळा तेवढा लख्ख, पापणी न् पापणी मोजून घ्या. नाक अर्धं, कान गायब. भिंतीवर लावलाय, तर येणारा-जाणारा विचारतो, हे कोण?

धाकटा : लेन्स पूर्ण उघडली की तसंच होतं. बोटभर जागा स्पष्ट, बाकी धुकं. त्यातच तर मजा असते.

ताई : तुझी मजा झाली, आमचा बाप धुक्यात गेला.

धाकटा : (पंच्याऐंशीची उचलून पुसायला लागतो.)

ताई : तोंड काय पाडतोस? थोडी मिटून काढ की मग.

धाकटा : उजेड कुठाय? पडदे ओढलेले. उजेडाने तिचं डोकं ठणकतं म्हणून तूच सांगितलंस. अशात लेन्स मिटली की फोटोत दाणे पडतात. वाळू उडाल्यासारखे.

ताई : तिला गाठ आलीय, आणि तुला दाण्यांची लाज वाटते?

धाकटा : लाज नाही गं. मला ती तशी बघवत नाही. इथून, दारातून बघितलं, की अजून आपली आई दिसते.

ताई : जवळूनही तीच आहे. मी रोज पुसते तो चेहरा. एकदा तरी येऊन बघायचं होतंस.

धाकटा : यायला हवं होतं.

आई : (आतून) अरे ए फोटोग्राफर! भांडण उरकलं असेल तर आत या दोघं. गाठ माझी आहे, मलाही काही विचाराल की नाही?

धाकटा : आई, तू सगळं ऐकलंस?

आई : गाल सुजलाय, कान नाही. ती जवळ यावं लागणारी कुठली?

धाकटा : पस्तीस.

आई : ती लाव. आणि बस इथे गादीवर. अजून सरक. मी चावत नाही, चावायची सोयच राहिली नाही.

धाकटा : आई, काहीही काय बोलतेस! जरा उठून बसतेस का?

आई : बसते, पण मान धरत नाही. पोरी, मागे बस आणि धर मला.

ताई : अगं, मी फोटोत येईन.

आई : ये की. खातो का तुला कॅमेरा?

ताई : केस बघ माझे. गाऊनवर पेज सांडलीय.

आई : मीच सांडलीय. ये.

धाकटा : ताई, मागे नको. तिच्या शेजारी बस, एका रेषेत.

ताई : शेजारी आले तर ही मागे कलंडेल.

धाकटा : मग या उजेडात दोन्ही चेहरे नाही जमायचे. एकच नीट येईल.

ताई : त्यात विचारायचं काय? तिचा धर.

आई : हिचा धर.

धाकटा : आई, उद्या तुझा चेहरा... बरं, दोन काढतो. आधी तुझा.

आई : आधी हिचा. मान किती वेळ टिकेल सांगता येत नाही. माझे ढीगभर फोटो आहेत, तुझ्या बाबांनी हौसेने काढलेले. हिचा एक दाखव मला, तू काढलेला.

धाकटा : ताईचे? असतील की. म्हणजे... एवढ्या लग्नांचे फोटो काढले, एवढे समारंभ. ताई असायचीच ना सगळीकडे माझ्याबरोबर.

आई : असायची. तुझा दिवा धरून, तुझ्या मागे.

ताई : जाऊ दे गं आई. आता कशाला ते?

आई : तू गप्प बस. हं, काढ रे.

धाकटा : ताई, मान खाली नको घालूस.

ताई : मग कुठे बघायचं असतं?