मिटताना वाजणारा चाकू

जन्म माझा कल्याणचाच. पारनाक्याच्या मागे आम्हा लोहारांची चार घरं होती, त्यातलं शेवटचं आमचं, आणि आगगाडी कल्याणपर्यंत आली त्या साली मी झालो असं आई सांगते, म्हणजे आता चाळिशी कधीच उलटली, नक्की तिथी कुणी लिहून ठेवली नाही, आणि मास्तर, लिहून न ठेवलेली गोष्ट मला आवडत नाही म्हणून हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही लिहिताय तर क्रमाने लिहा. पहिलं बापाचं, मग चाकूचं, मग माझं. मधे मी भरकटलो तर मला थांबवा.

बाप माझा कोयते, विळे, कुदळी सगळंच करायचा, पण नाव झालं ते मिटत्या चाकूने. बोरू छाटायचा चाकू. मिटलेला चार बोटं लांब, म्हशीच्या शिंगाची काळी मूठ, पातं पोटाला जरा फुगीर आणि टोकाला बसकं, म्हणजे बोरूचं टोक एका फटक्यात तिरकं उतरायचं. पण लोक घ्यायचे ते आवाजासाठी. आत पात्याला धरून ठेवणारी पोलादाची कमान असते, पातं मिटवलं की ती त्याला आत खेचते, तेव्हा आमच्या चाकूचा टक् असा आवाज यायचा, बारीक पण साफ. काय सांगू तुम्हाला, ठाण्याच्या कचेरीत कारकुनाने चाकू मिटवला की शेजारचा मान वर न करता विचारायचा, कल्याणचा ना? पोलाद घाटावरून येतं असं लोक म्हणायचे. कुणी म्हणायचं एका गोसाव्याने आणून दिलं. बाप हो म्हणायचा नाही, नाही म्हणायचा नाही, भाता ओढत बसायचा.

मला त्याने पंतोजींच्या शाळेत घातलं. अक्षर आल्यापासून माझं एकच, यादी करायची. घरातली भांडी, आळीतल्या गाई, कोण कधी आलं, कुणाला काय हवं. दसऱ्याला हत्यारांची पूजा असते, तर बाप सांगायचा आणि मी पाटीवर लिहायचो. ऐरण एक, भाता एक, हातोडे तीन, सांडशी दोन, कानशी पाच, करवतीचा तुकडा एक. दर दसऱ्याला मी ती यादी वाचायचो, बाप एकेक वस्तू मांडायचा, वर झेंडूचं फूल ठेवायचा. ही यादी लक्षात ठेवा मास्तर, पुढे लागेल.

मोठा झालो तसा चाकूचं काम मला शिकवलं. शिंग तापवून दाबणं माझ्याकडे, पातं ठोकणं माझ्याकडे, खिळे मारणं, घासणं, उजळणं माझ्याकडे. कमानी मात्र तयार यायच्या, डब्यातून. त्या तो मी घरी नसताना करायचा. मी शाळेत असायचो तेव्हा, नंतर मी कोळसा आणायला टिटवाळ्याच्या बाजूला जायचो तेव्हा. एकदा मी विचारलं, बाबा, कमान कधी शिकवणार? तर म्हणाला, तुझा हात लोखंडाचा नाही, कागदाचा आहे. ते मला लागलं. अगदी परवापरवापर्यंत लागलेलं होतं.

मग एका वर्षी डब्यातल्या कमानी संपल्या आणि त्याने चाकू करणंच सोडलं. लोक यायचे, तो म्हणायचा, झालं तेवढं पुरे. मी सरळ विचारलं, मला दाखवा, मी करतो. नाही म्हणाला. नंतर दोन वर्षांनी तापाने गेला, शेवटचे दिवस बोलायचा पण चाकूचा विषय काढला की भिंतीकडे तोंड करायचा. मी मनात धरून बसलो, की पोटच्या पोराला नालायक ठरवून हा माणूस विद्या बरोबर घेऊन गेला. आईला मी तसं बोललोही.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. कचेऱ्यांत बोरू जाऊन पोलादी टाक आले. टाकाला चाकू लागत नाही. ज्यांना लागत होता त्यांना विलायती चाकू बाजारात मिळायला लागले, चकचकीत, हाडाच्या मुठीचे, त्यात आवाज नव्हता पण स्वस्त होते. मी कोयते केले, बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा केल्या, कुलपं दुरुस्त केली. घर चाललं.

पण शौकीन येत राहिले हो. गंमत बघा, चाकू मिळत होता तोवर लोक एकावर भागवायचे, मिळेनासा झाल्यावर जमवायला लागले. आमच्याच गावातले दाऊदमियां, खाडीवर त्यांची लाकडाची वखार, त्यांच्याकडे बापाच्या हातचे सात चाकू, रेशमी बटव्यात. पानाच्या शिरा काढायला एक, बाकी नुसते बघायला. ठाण्याकडचा पास्कोल, बागाईतदार, आंब्याची कलमं बांधायचा, तो यायचा नाताळच्या आधी आणि दरवर्षी तेच, भावा, तुझ्या बापाच्या चाकूने कापलेलं कलम जगतं, विलायतीने कापलेलं रुसतं. मी म्हणायचो, आंब्याला काय कळतंय कल्याण आणि विलायत. तो म्हणायचा, तुला कळत नाही म्हणून आंब्याला कळत नाही असं नाही. 

अशा लोकांची मी यादी ठेवली. नाव, गाव, चाकू कशासाठी हवा, आणि त्यात काय हवंच हवं. तेवीस नावं झाली. चौथ्या रकान्यात तेवीसच्या तेवीस ठिकाणी एकच लिहिलेलं, आवाज.

तेव्हा मी कमान करायला बसलो. रीतसर. प्रत्येक खेपेची नोंद. तापवून पाण्यात विझवली, तुटली. तेलात विझवली, वाकली. खोबरेलात, तिळाच्या तेलात, राखेत हळूहळू निववली, पुण्याहून पोलादाची पट्टी मागवून तीही वापरून झाली. एकेचाळीस कमानी केल्या. बसायच्या नीट, चाकू मिटायचा नीट, आवाज नाही. दाऊदमियांनी एकेचाळिसावा हातात घेतला, उघडला, मिटवला, कानाशी नेऊन पुन्हा मिटवला आणि म्हणाले, हा मिटत नाही रे, हा निजतो.

आता एकच मार्ग होता, बापाचा चाकू उघडून कमान बघायची. पण खिळे काढायचे म्हणजे डोकी कानशीने घासून ठोकून बाहेर काढावी लागतात, जुनं शिंग भोकाशी तडकतं, आणि एकदा उघडलेला चाकू पुन्हा तसा वाजेल याची हमी नाही. दाऊदमियांना विचारलं तर बटवा उचलून घरी निघून गेले, आठ दिवस फिरकले नाहीत. शिवाय त्यांचे सगळे वापरलेले, कमानी झिजलेल्या. मला हवा होता कोरा. आणि कोरा चाकू सगळ्या मुलखात एकच उरला होता, भिकाजीपंतांकडे.

भिकाजीपंत म्हणजे ठाण्याच्या कचेरीत जन्मभर नकला उतरवणारे, आता निवृत्त होऊन कल्याणात राहिलेले. त्यांनी बापाकडून एकदमच दोन चाकू घेतले होते. एक तीस वर्षं वापरला, घासून घासून त्याचं पातं सुईएवढं झालं. दुसरा ठेवून दिला, की पहिला संपला की काढू. पहिला संपला तोवर कचेरीत टाक आले, आणि पुढे त्यांचा हात थरथरायला लागला. तो दुसरा चाकू त्यांनी कधी बोरूला लावलाच नाही. रोज संध्याकाळी दिवा लागायच्या आधी काढायचे, एकदा उघडायचे, एकदा मिटवायचे, आणि ठेवून द्यायचे. बस.

मी त्यांच्याकडे गेलो आणि सगळं खरं सांगितलं. तडकेल, वाजणार नाही कदाचित, आणि एवढं करून मला कळेलच असंही नाही. त्यांनी माझी यादी मागितली. चष्मा लावून तेवीस नावं वाचली, बोट ठेवून. यातले चार गेले, म्हणाले. मी म्हटलं, ठाऊक आहे, नाव खोडवत नाही. मग यादीची घडी घालून माझ्या हातात परत दिली. मी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भट्टीवर आले. चाकू हातात देत नाहीत आपल्याकडे, देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण होतं म्हणतात, खाली ठेवायचा आणि दुसऱ्याने उचलायचा. त्यांनी तो ऐरणीवर ठेवला. मी उचलेना. मग तेच म्हणाले, उचल, आणि माझ्यासमोर उघड. त्याआधी एकदा त्यांनी स्वतः तो उघडून मिटवला. टक्. शेजारच्या लोहाराचा हातोडा थांबला, एवढं आठवतं.

खिळे काढले. शिंग तडकलंच, डाव्या बाजूला, केसाएवढं. कमान बाहेर घेतली. वरून गुळगुळीत होती, सगळ्यांना दिसते ती बाजू. मी उलटी केली. जी कड शिंगाखाली झाकलेली असते, तिच्यावर खाचा होत्या. एकसारख्या, अर्ध्या घासून टाकलेल्या. मला वाटलं कानशीच्या खुणा. मग बोट फिरवलं आणि बोटालाच कळलं. दाते होते ते. करवतीचे दाते.

मास्तर, पाटीवरची ती ओळ समोर आली. करवतीचा तुकडा एक. वीस दसरे मी स्वतःच्या हाताने लिहिलं, मोठ्याने वाचलं, फूल ठेवताना बघितलं, आणि लोहाराच्या घरी करवत कशाला हे एकदाही मनात आलं नाही. यादीत होतं म्हणून होतं. वर सांगायला लाज वाटते, बाप गेल्यावर पहिल्या दसऱ्याला मीच ती ओळ खोडली, बिनकामाची म्हणून, आणि तो तुकडा शेजारच्या सुताराला देऊन टाकला.

घाटावरचं पोलाद नव्हतं, गोसावी नव्हता. वखारीतल्या लांब करवती तुटल्या की बाप त्यांचे तुकडे आणायचा आणि थंडच कापून, घासून कमान करायचा. करवतीच्या पोलादाला पाणी आधीच दिलेलं असतं, भट्टीत घातलं की ते उतरतं. मी एकेचाळीस वेळा तापवत बसलो, आणि खुबी सगळी न तापवण्यात होती.

दाऊदमियांना बोलावून कमान दाखवली. त्यांनी दाते बघितले, मग माझ्याकडे बघितलं, म्हणाले, म्हणजे माझ्याच बापाच्या वखारीतलं भंगार मी रेशमात बांधून ठेवलंय. आणि जे हसायला लागले, ठसका लागेपर्यंत. मग डोळे पुसून त्यांनीच उरलेलं सांगितलं. पुढे आगगाडीचा फाटा वखारीपर्यंत आला, ओंडके न कापताच मुंबईला जायला लागले, लांब करवती बंद झाल्या. कुठल्या साली म्हणून मी विचारलं. त्यांनी सांगितलं ते साल आणि बापाने चाकू सोडला ते साल एकच निघालं.

घरी येऊन आईसमोर बसलो. विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, होतं की. मग मला का नाही सांगितलं त्यांनी, मी नालायक होतो? आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, अरे, लोक घाटावरचं पोलाद म्हणत होते, त्याला ते मोडवेना. आणि तुला सांगितलं असतं तर तू पाटीवर लिहून दारात लावलं असतंस.

बरोबर आहे, लावलं असतं.

वखारीच्या मागे माळ्यावर दोन जुन्या करवती निघाल्या, गंजलेल्या. दाऊदमियांनी स्वतः उतरवून दिल्या. त्यातून कमानी कापल्या, थंड, आणि पहिला चाकू पुरा करून भिकाजीपंतांपुढे ऐरणीवर ठेवला. त्यांनी उचलला, मिटवला. टक्. पुन्हा मिटवला. डोळे मिटून ऐकत होते. मी म्हटलं, पंत, हा तुमचा. तुमचा जुना मी जोडलाय, कमान तीच बसवली, पण पहिल्यासारखा वाजत नाही, चीरही दिसते. ते म्हणाले, तो कुठाय? मी ठेवला. त्यांनी नवा खाली ठेवला आणि जुना उचलून बंडीच्या खिशात टाकला. नवा यादीतल्या पहिल्याला दे, म्हणाले, या जुन्याचा आवाज मला पाठ आहे. 

अजूनही संध्याकाळी काढतात, उघडतात, मिटवतात. मी एकदा शेजारी बसून ऐकलं. काहीच ऐकू येत नाही. ते मान डोलावतात.

यादीतले एकोणीस चाकू झाले. पास्कोलने त्याच्या चाकूने दोन कलमं बांधली, एक जगलं, दुसरं मेलं, आणि मेलं त्याचा दोष तो मातीला देतो. गेलेल्या चौघांच्या घरी विचारून आलो, एकाच्या सुनेने भाजीला हवा म्हणून मागितला, दिला. एक करवत संपली, दुसरी अर्धी उरलीय. ती संपली की हा चाकू पुन्हा बंद होईल, त्याला इलाज नाही. दसऱ्याच्या यादीत करवतीचा तुकडा एक, ही ओळ मी परत घातली. सुताराकडून बापाचा तो तुकडाही मागून आणला, सुताराने डिंक खरवडून खरवडून त्याची वाट लावली होती, पण दाते आहेत.

आणि दारात पाटी लावलीय, आत येताना तुम्ही वाचली असेल. चाकूचं माप, पात्याचा आकार आणि खाली, कमान जुन्या करवतीची, तापवू नये. आई येता-जाता तिच्याकडे बघते, आणि परवा पाऊस तिरका आला तेव्हा तिनेच पाटी उचलून आत घेतली. तुम्हीही हे लिहून न्या. कुठे कुणाच्या माळ्यावर जुनी करवत असेल, कुणाला जमलं तर त्याने खुशाल करावा, त्याचं भलं होवो. वाजला तर मला एकदा आणून ऐकवा म्हणावं, एवढंच.