मोकळं मैदान

वाचनालयाच्या रांगेत माझ्या पुढे एक वयस्क शिंपी होते. काउंटरवरचे ग्रंथपाल फौजेतून निवृत्त झालेले.

“साहेब, दहा जणांची तुकडी कशी लढवतात, त्यावर सोपं पुस्तक आहे का?”

“घरात कोणी परीक्षेला बसलंय?”

“नाही, मलाच वाचायचंय.”

“चार आहेत. तिनांत नुसत्या शौर्याच्या गोष्टी, शिकण्यासारखं काही नाही. हे पातळ आहे, पण यातले नकाशे चांगले आहेत. नेमकं काय बघायचंय?”

“मोकळं मैदान कसं ओलांडायचं ते.”

“हे बघा. अर्ध्यांनी मागे थांबून गोळीबार चालू ठेवायचा, अर्ध्यांनी पळायचं. सगळ्यांनी एकदम निघायचं नाही.”

“कधीच नाही?”

“शिकवतात तरी तसंच. का हो?”

“आमच्या थोरल्यानं सगळ्यांना एकदम नेलं. दहातला एकच परत आला, त्यानं सांगितलं.”

“आणि तुमचा मुलगा?”

“तो सगळ्यांत पुढे होता.”

“काका, वरून हुकूम काय आला होता, मागून तोफा चालू होत्या का, हे पुस्तकाला काय ठाऊक?”

“मीही वर्षभर मनाला हेच समजावलं. पण त्यातल्या एका पोराची आई काल दुकानात आली. म्हणाली, तुमच्या मुलाचं चुकलं का, एवढंच सांगा.”

“काय सांगितलंत?”

“मला त्यातलं कळत नाही, वाचून सांगतो म्हटलं.”

“हे पान तिला दाखवू नका, काका.”

“तिला वाचता येत नाही, साहेब. मीच वाचून दाखवणार आहे.”